लहान भाग शेवटी सुटतो

मिग-२१ च्या नाकापुढे एक सडपातळ दांडी बाहेर आलेली असते. ती पिटो नळी. समोरून येणाऱ्या हवेचा दाब तिच्यात शिरतो आणि त्यावरून वैमानिकाला आपला वेग कळतो. मी १:३३ या प्रमाणात कागदी मॉडेल करते, म्हणजे खऱ्या विमानावरचे ३३ मिलिमीटर माझ्या टेबलावर १ मिलिमीटर होतात. पंखांचा विस्तार खऱ्यात ७.१५ मीटर आहे, तो इथे २२ सेंटिमीटरच्या आत बसतो. पंख जमायला फार वेळ लागत नाही. वरची बाजू, खालची बाजू, आत एक आधार, कडा नीट जुळल्या की झालं. घोडं अडतं ते पिटो नळीपाशी. मुळाशी दीड-दोन मिलिमीटर, टोकाशी जवळजवळ सुई, तरीही सरळ, गोल आणि सांधा न दिसणारी. कागदाच्या कामातलं कसब मला अशाच जागी दिसतं आणि तिथेच माझा जीव रमतो.

नाशिककराला मिग-२१ ची ओळख करून द्यावी लागत नाही. नाशिकजवळ ओझरला १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा (एचएएल) कारखाना उभा राहिला तो याच विमानासाठी. एफएल, मग एम, मग बिस अशी एकामागोमाग रूपं तिथे तयार झाली. देशात बनलेल्या मिग-२१ ची संख्या सहाशेच्या वर गेली. आमच्याकडे अनेक घरांत कोणी ना कोणी ‘ओझरला एचएएलमध्ये’ असायचंच. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला वायुदलाने या विमानाला निरोप दिला, तेव्हा इथल्या कितीतरी निवृत्त हातांनी टीव्हीसमोर बसून तो सोहळा पाहिला असेल. म्हणून हे विमान मी पुन्हा पुन्हा करते. दर वेळी मोठ्या भागांपेक्षा छोट्या भागांनाच वेळ जास्त लागतो आणि तो मी मनापासून देते.

१:३३ हे प्रमाण आलं पोलंडहून. तिथे १९५० च्या दशकात सुरू झालेल्या ‘मावी मोडेलाश’ या मासिकाने कागदी मॉडेलं घरोघर पोहोचवली. विमानांना १:३३, रणगाड्यांना १:२५, जहाजांना १:२०० ही वहिवाट पोलिश मॉडेलवाल्यांमध्ये रुळली आणि पुढे आपल्यासारख्यांनी ती उचलली. त्याच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई असताना, इंग्लंडमध्ये पोस्टकार्डाच्या आकाराच्या कार्डांवर छापलेली ‘मायक्रोमॉडेल्स’ निघाली होती. अख्खं रेल्वे इंजिन तळहातावर मावेल एवढं. लहान भाग कागदात होतात की नाही, हा प्रश्न तेव्हाच निकालात निघाला आहे. ते कसे करायचे एवढंच आपण शिकायचं.

या कामातून माझ्या हाताला एक गोष्ट पक्की कळली आहे. लहान भाग लहान असताना बनवायचा नसतो. तो मोठ्या कागदात असतानाच त्याचं सगळं करून घ्यायचं. रंग, घडी, भोकं, थर चिकटवणं, कडक करणं, सगळं. आणि अगदी शेवटी त्याला कागदातून सोडवायचं. एकदा तीन मिलिमीटरचा तुकडा सुटा झाला की त्याला धरायला जागा राहत नाही. चिमट्यात दाबला तर चेपतो, बोटावर घेतला तर घामाने भिजतो, कटरने आणखी काही करायला जावं तर उडून जातो. पण तोच तुकडा अजून ए-फोर कागदाच्या मध्ये असेल, तर तुमच्या हातात धरायला २१० बाय २९७ मिलिमीटरचा कागद असतो.

हे आपल्या गावात कुणी वेगळं सांगायला नको. नाशिकरोडची इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून आहे. टपालाचं तिकीट डोळ्यांपुढे आणा. केवढंसं चित्र, त्यात केसाएवढ्या रेषा, मागे गोंद, चारी बाजूंना छिद्रांची रांग. यातलं काहीही सुट्या तिकिटावर होत नाही. अख्खा ताव छापला जातो, तावालाच गोंद, तावालाच छिद्रं, आणि तिकीट सुटं होतं ते पोस्टाच्या खिडकीवर. लहानपणी आम्ही ते दुमडून फाडायचो तेव्हा कधी विचार केला नव्हता. आता कॉकपिटचा पॅनेल, म्हणजे वैमानिकासमोरचा डायलींचा फलक, करताना तोच क्रम पाळते.

पॅनेलचंच सांगते. विमानातली मोठी डायल साधारण ८० मिलिमीटर व्यासाची असते, म्हणजे मॉडेलात २.४ मिलिमीटर. पॅनेल दोनदा छापायचा. त्यातल्या एकावर, तो अजून कागदातच असताना, डायलींची भोकं पाडायची. कातडीकामाचा पोकळ पंच मिळतो, त्यातला सर्वांत लहान या कामाला चालतो. खाली जाड रबर नको, त्याने कागद दबतो आणि कड फाटते. कापडी बांधणीच्या जुन्या वहीचा पुठ्ठा बरा. भोकं झाली की पोटातली कड रंगवायची. मग हा कागद दुसऱ्या छापाच्या बरोबर वर बसवून चिकटवायचा. दोन्ही वाळून एकजीव झाले की प्रत्येक भोकात फेविकॉलचा एक थेंब. ओला असताना तो पांढरा दिसतो, वाळला की पारदर्शक होतो आणि डायलीवर काच बसल्यासारखी वाटते. एवढं सगळं होईपर्यंत पॅनेलची बाहेरची रेषा कापायचीच नाही. मिगच्या कॉकपिटचा तो निळसर हिरवा रंग आणि त्यावरच्या काळ्या डायली, त्या काचेसकट, शेवटच्या चार कापांनी जेव्हा कागदातून सुटतात तेव्हा मला अजूनही थांबून बघावंसं वाटतं.

कापण्याबद्दल थोडं. मी अकरा नंबरचं सर्जिकल ब्लेड वापरते, औषधाच्या मोठ्या दुकानात सहज मिळतं. त्याचं टोक सरळ आणि निमुळतं असतं, त्यामुळे नेमकं कुठे टेकलं ते दिसतं. बारीक गोलाई ओढून कापायची नाही, टोचत टोचत जायचं, आणि ब्लेड जागच्या जागी ठेवून कागद फिरवायचा. खाली कटिंग मॅटऐवजी काचेचा तुकडा ठेवला तर काप स्वच्छ येतो. ब्लेडचं टोक लवकर जातं खरं, पण या कामात ब्लेडशी काटकसर करू नये. बोथट ब्लेड कागद कापत नाही, ढकलतं. आणि ढकललेली कड कितीही रंगवा, दिसतेच.

सराफ बाजारात मी चिमटा शोधायला गेले होते, तिथे एका कारागिराच्या पाटाशी बराच वेळ उभी राहिले. ते चांदीच्या कड्या करत होते, साखळीत घालतात तसल्या. सळईवर तार गुंडाळली, एकाला एक लागून, स्प्रिंगसारखी. मग ती सळईवरून ओढून काढली आणि बारीक करवतीने एका रेषेत उभी कापली. पाटावर कड्यांचा छोटा ढीग पडला, सगळ्या एका मापाच्या. मी विचारलं, “काका, एवढ्या सारख्या कशा येतात?” त्यांनी मान वर न करता सांगितलं, “सळई एकच आहे ना ताई.”

त्या उत्तराने माझ्या हाताला केवढं तरी दिलं. विमानावर कितीतरी छोट्या गोल गोष्टी असतात: नळ्यांचे जोड, चाकाच्या दांड्यावरच्या रिंगा, बंदुकीच्या नळीचं तोंड. त्या एकेक कापायला बसलं तर एक लहान, एक मोठी, एक वाकडी. त्याऐवजी लांब पट्टी सुईवर घट्ट गुंडाळायची, चिकटवायची, वाळवायची, मग अळूवडीच्या उंड्यासारख्या चकत्या पाडायच्या. जाडी हवी तेवढी, व्यास सगळ्यांचा एक. काटकोनी भागांनाही हेच लागू. ‘यू’ आकाराची बिजागरी हवी असेल तर हातभर लांब पट्टीला दोन रेघा दाबायच्या, शाई संपलेल्या बॉलपेनाने, पट्टीच्या आधाराने. सगळी पट्टी दुमडायची आणि मग तुकडे करायचे. दोन मिलिमीटरच्या तुकड्याला घडी घालण्याचा प्रयत्नसुद्धा करू नये.

आता पिटो नळी. इथे मी सावकाश जाते.

आधी कागद. साधा ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) झेरॉक्सचा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. १:३३ मध्ये तो ३.३ मिलिमीटरचा पत्रा झाला. १६० जीएसएमचं कार्डशीट त्याच्या दुप्पट. विमानाचा पत्रा बहुतेक ठिकाणी याहून पातळ असतो, तेव्हा लहान भाग जाड कागदात केला की तो बोजड दिसणारच. नळीसाठी मी ८० जीएसएमपेक्षाही पातळ कागद घेते. जाड कार्डशीटवर छापलेला एखादा अँटेना असेल, तर कार्डाच्या कोपऱ्यात नख घालून मागचा थर सोलून काढता येतो. संथपणे, कार्ड टेबलावर सपाट आणि सुटणारा थर वर ओढत. उलटं केलं तर छापलेली बाजू मुडपते.

मग ग्रेन. कागदातले तंतू बहुतांशी एकाच दिशेने पडलेले असतात आणि त्या दिशेला समांतर कागद सहज वळतो. ओळखायला सोपं आहे. कागदाचा चौकोनी तुकडा घेऊन एका बाजूने जरा ओला करायचा. तो आपोआप गुंडाळायला लागतो. जी नळी तो बनवू पाहतो, तिच्या लांबीची दिशा म्हणजे ग्रेन. तशीच पट्टी कापली तर नळी गोल येते. आडवी कापली तर कागद भांडतो, जागोजागी मोडतो, आणि एक मिलिमीटरच्या नळीत एकसुद्धा मोड लपत नाही.

पट्टी चौकोनी कापायची नाही. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद. रुंद टोकाकडे वेढे जास्त बसतात, अरुंदाकडे कमी, आणि नळी आपसूक निमुळती होते. लांबी हवी त्यापेक्षा दोन बोटं जास्तच ठेवायची, धरायला. जी कड सर्वांत शेवटी वर येणार, ती बारीक पॉलिश पेपरने घासून आणखी पातळ करायची, म्हणजे सांध्याची पायरी बोटाला लागत नाही. मग पट्टीवर तोंडाची वाफ सोडायची, नुसती, पाणी नाही. सुईवर किंवा बारीक स्टीलच्या तारेवर मेणबत्ती घासून घ्यायची, नाहीतर नळी तारेवरच चिकटून बसते. पहिला वेढा नखाने बसवायचा. हा पहिला वेढा घट्ट आला की निम्मं काम झालं. तो सैल राहिला तर सोडून द्यावं आणि नवीन पट्टी घ्यावी; पुढे तो कधीच सुधारत नाही. नंतर माउसपॅडवर ठेवून तळहाताने पुढे-मागे लाटायचं, एका दिशेला थोडा जास्त जोर देऊन. फेविकॉल शेवटच्या तिसऱ्या हिश्शालाच, तोही पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काढून, जरा चिकट होऊ दिलेला, बोटाने पुसून पुसून उरेल तेवढा. लाटून झालं की तार फिरवत काढायची आणि नळी दोन पट्ट्यांच्या मध्ये सरळ ठेवून वाळवायची.

वाळलेल्या नळीला मी फेविक्विक पाजते. टोकाला थेंब लावला की कागद तो स्वतःच ओढून घेतो, रंग थोडा गडद होतो आणि काही वेळात नळी प्लॅस्टिकसारखी कडक होते. मग तिला घासता येतं, टोक गोल करता येतं. खिडकी उघडी हवी, वाफ डोळ्यांना झोंबते. आणि सांडलं तर कापसाने टिपू नये. फेविक्विक आणि कापूस एकत्र आले की चटका बसण्याइतकी उष्णता निघते. घासून, रंगवून, सगळं मनासारखं झालं की मगच जास्तीची दोन बोटं कापायची.

काहीजण म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, सरळ टाचणी लाव. चाकाच्या दांड्यात मी स्वतः तार घालते, विमानाचं वजन तिथे पडतं आणि नुसता कागद कालांतराने वाकतो. पण पिटो नळीवर वजन नसतं. तिथे कागदाचाच पृष्ठभाग हवा, कारण बाकीच्या विमानावर रंग जसा बसलाय तसाच तिच्यावरही बसला पाहिजे. धातूवर रंग वेगळा चमकतो आणि सवयीची नजर तिथेच जाऊन थांबते.

नाशिकची हवासुद्धा या कामात हात घालते. जुलै-ऑगस्टमध्ये कागद ओलावा धरतो, गुंडाळलेली नळी रात्रीतून सैल पडते. तेव्हा मी सगळं कागदाचं सामान डब्यात, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते. एप्रिल-मेमध्ये उलट. फेविकॉल पुठ्ठ्यावर काढला की बघता बघता साय धरतो. आणि पंखा तर लावताच येत नाही. सुट्या डायली, रिंगा, बिजागऱ्या, कशालाच पंख्याचा वारा चालत नाही. म्हणून उन्हाळ्यात हे काम भल्या पहाटे, ऊन चढायच्या आत.

कडा रंगवणं मात्र कुठल्याही ऋतूत टाळू नये. छापलेला भाग कापला की कागदाची पांढरी कड उघडी पडते आणि एक पांढरी रेघ सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते. स्केचपेनची शाई कागदात पसरते, म्हणून मी जलरंग जवळजवळ कोरड्या ब्रशने लावते. इंकजेटचा छाप असेल तर ओल्या गोंदापासून जपावं, शाई फुटते. लेझरचा छाप घडीवर तडकतो, तिथे रंगाचा हात द्यावा. रिव्हेट्सच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, मागे मी फारशी लागत नाही. कागदाला मागून पेनाचं टोक दाबून ते उठवता येतात, पण मिगच्या अंगावर ते पत्र्याच्या पातळीत बसवलेले असतात, नुसत्या फुगवट्यांनी विमान देवीचे व्रण आल्यासारखं दिसतं.

माझे मामा ओझरहून निवृत्त झालेले. असेंब्लीत होते. मॉडेल पूर्ण झालं की ते बघायला येतात आणि चष्मा कपाळावर ढकलून नाक अगदी विमानाशी नेतात. परवा आले, पंखांकडे त्यांनी पाहिलंही नाही. पिटो नळीशी थांबले. बोट न लावता, एका डोळ्याने तिच्या रेषेत बघत राहिले.

“सरळ आहे,” म्हणाले. मग, “हे उडतंय का उभं आहे?”

“उभं आहे मामा. चाकं खाली आहेत ना.”

“मग पिटो उघडा कसा? विमान उभं राहिलं की आधी त्याच्यावर कव्हर चढतं. लाल. खाली पट्टी लोंबते, लांबून दिसली पाहिजे म्हणजे उडायच्या आधी कोणी विसरणार नाही. एवढीशी कुंभारीण माशी आत घर करून बसली ना, तर वेग खोटा दाखवतं ते.” आणि त्यांनी हवेत हाताने कव्हर ओढून काढल्याची खूण केली, पट्टीला धरून, झटक्यात. कित्येक वर्षं केलेली हालचाल हातातून जात नाही.

मामा निघायच्या आत मी टिश्यू पेपर काढला. मोठा तुकडाच, तळहाताएवढा. त्याला आधी लाल रंग दिला आणि वाळू दिला. मग पातळ केलेल्या फेविकॉलचा एक हात. अर्धवट ओला असताना त्यातून दोन मिलिमीटर रुंदीची पट्टी कापली, खऱ्या मापात ती सहा-सात सेंटिमीटर होते, कापडी पट्टीला शोभेल अशी. कव्हर तयार नळीवरच गुंडाळलं, आधी नळीला मेण लावून, म्हणजे ते काढ-घाल करता येतं. मामांचा हट्टच होता की ते निघालं पाहिजे. पट्टी लोंबवताना मॉडेल उभंच ठेवायचं आणि ओल्या ब्रशने पट्टीला एकाच जागी हलका धक्का द्यायचा. ती स्वतःच्या वजनाने वळते. हाताने वळवली की तारेसारखी ताठ दिसते.

मामांनी चष्मा पुन्हा चढवला, वाळेपर्यंत बसून राहिले, चहा घेतला. मग विचारलं, “आणि चाकांना चोक?”

चोक म्हणजे चाकांपुढे-मागे लावायच्या पाचरी, विमान जागचं हलू नये म्हणून. जोडीला दोरी बांधलेली असते, ओढून काढायला. मी एक मिलिमीटरच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून लांब दांडी केली आहे, ती कालपासून वजनाखाली वाळते आहे. तिला घासून सगळ्या लांबीभर त्रिकोणी करायची, पिवळा रंग द्यायचा आणि मग तुकडे पाडायचे. मागच्या दोन चाकांना चार, नाकाच्या चाकाला दोन. दोरीसाठी शिवणाचं रीळ घरात आहे. मामा रविवारी पुन्हा येणार आहेत.